चांदबीबीवर कादंबरी लिहिणारा साहेब, त्याची खासगी पत्रं आणि घरातलं न सांगितलेलं : कोण होता मेडोज टेलर?

व्हिक्टोरिया राणीने छापखान्यातून येणारी पानं मागवून ज्याची कादंबरी वाचली, तो लेखक नळदुर्गच्या किल्ल्यात राहून जिल्हा चालवत होता. त्याचं आत्मचरित्र एक गोष्ट सांगतं आणि लंडनला पाठवलेली पत्रं त्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवतात. वाचा, नेमकं प्रकरण काय आहे.

अकोले : नगरला गेलं की शहराबाहेरच्या डोंगरावर एक अष्टकोनी दगडी इमारत लांबूनच दिसते. शाळेच्या सहलीपासून आपण सगळे तिला ‘चांदबीबी महाल’ म्हणत आलोय. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीचा त्या इमारतीशी संबंध नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

चांदबीबीच्या गोष्टीचंही बरंचसं असंच झालंय. हुसेन निजामशहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली होती. १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तिने तो लढवला. सुरुंगाने पडलेलं खिंडार रातोरात बुजवून घेतलं आणि १६००च्या सुमारास आपल्याच लोकांच्या हातून ती मारली गेली. एवढा इतिहास पुस्तकात आहे. तिच्यावर इंग्रजीत तीन खंडांची कादंबरी निघाली, ती १८७८ मध्ये. नाव ‘अ नोबल क्वीन’. लेखक कर्नल फिलिप मेडोज टेलर. कादंबरी छापून आली तेव्हा तो दोन वर्षांपूर्वीच वारला होता.

या टेलरची खरी गंमत त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा त्याच्या कागदपत्रांत आहे. त्याने मुलींसाठी आत्मचरित्र लिहिलं आणि लंडनमधल्या एका नातेवाइकाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली. आत्मचरित्र १८७७ मध्ये आलं. पत्रं पुस्तकरूपाने यायला १९४७ साल उजाडलं. दोन्ही शेजारी ठेवली की एकाच माणसाची दोन व्हर्जन्स हातात येतात : एक घरच्यांनी एडिट केलेलं आणि दुसरं रॉ.

पंधराव्या वर्षी मुंबई

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील व्यापारी होते, पण धंद्यात पैशाची ओढाताण सुरू झाली. मग पोराला मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवायचं ठरलं. आज कामगार म्हणून जा, उद्या भागीदार होशील, असं आश्वासन होतं. १८२४ मध्ये बोटीतून उतरल्यावर कळलं की त्या व्यापाऱ्याचीच अवस्था बिकट आहे. परदेशातल्या नोकरीची ऑफर घेऊन गेलेल्या आणि पोहोचल्यावर कंपनीच गटांगळ्या खाताना पाहिलेल्या आजच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

मुंबई सरकारात आईकडचे एक नातेवाईक मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी खटपट करून हैदराबादच्या निजामाच्या फौजेत त्याला जागा मिळवून दिली आणि सोळा वर्षांचा टेलर औरंगाबादच्या छावणीत दाखल झाला.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराच्या मुळाशी तोच आहे. टेलर ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर नव्हता. तो निजामाच्या नोकरीत होता. काम साहेबाचं, रंग साहेबाचा, पण पदाची उतरंड वेगळी. कंपनीचे अधिकारी अशांना कायम एक पायरी खाली धरत. आजच्या भाषेत कायम आणि कंत्राटी असा फरक. ही सल त्याला आयुष्यभर राहिली.

तो मराठी, हिंदुस्थानी आणि फारसी शिकला. पोलिसात काम करताना तुळजापूरच्या परिसरात फिरला. त्या भागात प्रवासी गायब होतात, मागे काही खूण राहत नाही, हे त्याच्या कानावर आलं. तपास सुरू करणार तोच बदली झाली. पुढे ठगांच्या टोळ्यांचा छडा लावल्याचं श्रेय कर्नल स्लीमनला मिळालं. बदली झाली नसती तर हे आपणच आधी उघड केलं असतं, असं टेलरला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्याने मग दुसरा मार्ग धरला. माफीच्या साक्षीदार झालेल्या ठगांना भेटून, त्यांच्या जबान्या ऐकून १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिली. अमीर अली नावाचा ठग आपल्या खुनांची हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगतो, अशी ती रचना. पुस्तक लंडनमध्ये गाजलं. नव्यानेच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीने ते पूर्ण छापून होण्याचीही वाट पाहिली नाही.

वर्षानुवर्षं पत्रं कुणाला?

ती गेली हेन्री रीव्ह या नातेवाइकाला. रीव्ह हे लंडनमधलं वजनदार नाव. १८४० मध्ये तो ‘द टाइम्स’साठी अग्रलेख लिहू लागला. १८५५ पासून ‘एडिनबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकाचा संपादक झाला आणि चाळीस वर्षं राहिला. मंत्र्यांपासून राजदूतांपर्यंत सगळे त्याच्या ओळखीचे.

टेलर रजा संपवून हिंदुस्थानात परतला तो ‘टाइम्स’चा बातमीदार होऊनच. १८४० ते १८५३ अशी तेरा वर्षं तो इथून मजकूर पाठवत होता. त्या काळात वर्तमानपत्रात लेखाला नाव नसे. म्हणजे लंडनमध्ये सकाळी चहाबरोबर हिंदुस्थानची बातमी वाचणाऱ्याला कल्पनाही नसायची की ही बातमी देणारा माणूस स्वतः एका संस्थानाचा कारभार हाकतोय. आज एखाद्या उपविभागीय अधिकाऱ्याने निनावी राहून एखाद्या मोठ्या दैनिकाला आपल्याच खात्याच्या बातम्या पुरवल्या तर काय होईल? कारणे दाखवा नोटीस तर नक्कीच. तेव्हा हे चालून जात होतं.

पत्र पोहोचायला किती दिवस लागायचे, हेही समजून घ्यायला हवं. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजातून चार-सहा महिने जायचे. १८३०च्या दशकात मुंबईहून सुएझपर्यंत आगबोटी जाऊ लागल्या. तिथून टपाल जमिनीवरून भूमध्य समुद्राकडे आणि पुन्हा बोटीत. या मार्गाने मुदत सव्वा-दीड महिन्यावर आली. पण टेलर मुंबईत नव्हता. त्याचं पत्र आधी हरकाऱ्याच्या थैलीतून, पायी, टप्प्याटप्प्याने किनाऱ्याला जायचं. प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, यात तीन-साडेतीन महिने सहज जायचे. तोवर परिस्थिती बदललेली असायची. म्हणून या पत्रांत माणूस नुसतं उत्तर देत नाही, पुढे काय होईल याचा अंदाजही बांधतो. हे अंदाज कधी बरोबर येतात, कधी साफ चुकतात, आणि आत्मचरित्रात नेमकं हेच सापडत नाही. तिथे सगळं घडून गेल्यावर लिहिलेलं आहे.

पत्रांमध्ये तक्रारीचा सूर आहे. हैदराबादच्या दरबारातलं राजकारण, कंपनीच्या अधिकाऱ्यांचा वरचष्मा, बढतीची आशा, पैशाची चिंता. शिवाय आपलं कुणीतरी लंडनमध्ये ऐकतंय, ही जाणीव. रीव्हपाशी शब्द टाकला तर तो कुठवर पोहोचू शकतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे ही पत्रं खासगी असली तरी पूर्ण निरागस नाहीत. वाचताना एवढं मीठ-मोहरी हाताशी ठेवायला हवं.

ही पत्रं संपादित करून १९४७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापली. संपादक सर पॅट्रिक कॅडेल हे मुंबई इलाख्यात नोकरी केलेले जुने आयसीएस अधिकारी. इंग्रज इथून निघाले त्याच वर्षी हे पुस्तक आलं. त्या धामधुमीत एका विस्मरणात गेलेल्या कादंबरीकाराची पत्रं वाचायला किती जणांना सवड असणार!

मेरी पामर कोण होती?

टेलरने १८३२ मध्ये लग्न केलं. मुलगी हैदराबादच्या विल्यम पामर यांची, नाव मेरी. हा विल्यम पामर साधा माणूस नव्हे. त्याच्या सावकारी पेढीने निजामाला प्रचंड कर्जं दिली होती. त्या कर्जांवरून कलकत्त्यापर्यंत वाद पेटला, गव्हर्नर जनरलचं नाव त्यात ओढलं गेलं आणि १८२०च्या दशकात पेढी बुडाली.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं. या सावकाराचे वडील म्हणजे जनरल विल्यम पामर. १७९८ ते १८०१ या काळात ते पुण्यात पेशवे दरबारी इंग्रजांचे रेसिडेंट होते. नाना फडणवीस गेले आणि मराठी राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं, अशा अर्थाचं जे वाक्य आपल्याकडे शालेय पुस्तकांपासून भाषणांपर्यंत फिरतं, ते याच पामर साहेबाचं.

आणि जनरल पामर यांची पत्नी होती बेगम फैझ बक्श. मोगल वर्तुळात वाढलेली मुसलमान स्त्री. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत १७८५ मधलं एक अर्धवट राहिलेलं मोठं चित्र आहे. योहान झोफनी या चित्रकाराचं ते मानलं जातं. लाल कोटातला पामर, शेजारी जमिनीवर बसलेली बेगम, भोवती मुलं आणि घरातल्या बायका. त्या मुलांमधलाच एक पुढे हैदराबादचा सावकार झाला आणि टेलरचा सासरा.

म्हणजे टेलरच्या बायकोची आजी हिंदुस्थानी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस याचं फारसं कुणाला काही वाटत नसे. इंग्रज अधिकारी अशी कुटुंबं उघडपणे चित्रात काढून घेत. पुढच्या पन्नास वर्षांत हवा बदलली. मिश्र रक्ताच्या मुलांना कंपनीच्या बड्या नोकऱ्यांचे दरवाजे बंद झाले, आणि अशी नाती दिवाणखान्यातल्या भिंतीवरून हलवून माळ्यावर टाकण्याची गोष्ट झाली.

आत्मचरित्रात मेरीला फार थोडी जागा मिळाली आहे. दुष्काळ, हिशेब, तलाव, वाघाची शिकार यांना पानंच्या पानं, आणि जिच्याबरोबर बारा वर्षं संसार केला तिच्या वाट्याला मोजक्या ओळी. ती १८४४ मध्ये वारली. टेलरने पुन्हा लग्न केलं नाही. तो पुढची सोळा वर्षं इथेच राहिला.

ही कंजूसी टेलरची, त्याच्या काळाची की हस्तलिखितावर हात फिरवणाऱ्या मुलीची? पुस्तकाचं संपादन त्याची मुलगी ॲलिस हिने केलं आणि प्रस्तावना लिहिली हेन्री रीव्हनेच. ज्याला पत्रं आली तोच प्रस्तावनाकार. आत काय आहे आणि काय गाळलं गेलंय हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

मात्र जे आत्मचरित्रात आलं नाही ते कादंबरीत आलं, असं म्हणायला जागा आहे. १८७२ मध्ये टेलरने ‘सीता’ लिहिली. १८५७च्या उठावाच्या पार्श्वभूमीवर एक इंग्रज मुलकी अधिकारी एका हिंदू विधवेशी लग्न करतो. तिला इंग्रज समाजात कशी वागणूक मिळते, कोण तिच्याशी बोलतं आणि कोण तोंड फिरवतं, हे त्यात तपशिलाने येतं. उठावाला जेमतेम पंधरा वर्षं झालेली असताना इंग्लंडमधल्या वाचकासमोर असं लग्न सहानुभूतीने मांडणं सोपं नव्हतं. अर्थात शेवटी सीता मरते, नवऱ्याला वाचवताना. लेखकाने लग्न लावून दिलं, पण ते निभावून नेण्याची वेळ येऊ दिली नाही.

‘अप्पा’ आणि सुरपूरचा राजा

टेलरच्या खासगी आयुष्यातला सगळ्यात दुखरा भाग मात्र घराबाहेरचा आहे. १८४१ मध्ये त्याला शोरापूरला पाठवलं गेलं. आजचं सुरपूर, कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं. बेडर नायकांचं हे छोटं संस्थान निजामाचं मांडलिक होतं. राजा मरण पावलेला आणि वारस व्यंकटप्पा नायक लहान मुलगा. त्याची आई राणी ईश्वरम्मा आणि टेलर यांचं कधी जमलं नाही. पण पोर मात्र टेलरला ‘अप्पा’ म्हणायचं.

बारा वर्षं टेलरने तिथला कारभार पाहिला. डोंगरावर बंगला बांधला, तो ‘टेलर मंजिल’ नावाने आजही उभा आहे. मोकळ्या वेळात आसपासच्या रानातली प्राचीन दगडी दफनस्थळं उकरली, त्यांची मापं घेतली, नकाशे काढले. दख्खनमधल्या महापाषाणयुगीन अवशेषांच्या अभ्यासात त्याचं नाव आजही घेतलं जातं. १८५३ मध्ये राजा वयात आला आणि टेलरने संस्थान त्याच्या हाती सोपवलं.

पाच वर्षांत सगळं संपलं. १८५८ मध्ये व्यंकटप्पाने इंग्रज फौजेवर हल्ला केला, तो फसला, राजा हैदराबादला पळाला आणि तिथे पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटायला गेला. तो आपल्याला बिलगला, असं टेलरने लिहून ठेवलंय. आधी फाशी, मग काळं पाणी आणि शेवटी चार वर्षांची कैद, अशी शिक्षा उतरत गेली. वर्तणूक चांगली राहिली तर संस्थान परत मिळेल, अशी आशाही होती. कैदेत नेताना वाटेतच पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाची गोळी लागून राजा गेला. आत्महत्या की अपघात, हे कायमचं अधांतरी राहिलं. वय चोवीस.

टेलर पुढे एक विलक्षण गोष्ट सांगतो. मुलगा चोविसाव्या वर्षापलीकडे जगणार नाही, असं त्याच्या पत्रिकेत होतं आणि ते गुपित सुरपूरच्या एका ब्राह्मणाने आपल्याला फार आधी सांगितलं होतं, असा त्याचा दावा. कादंबरीकाराला अशी गोष्ट मोहात पाडणारच. पण आत्मचरित्रातली ती पानं वाचताना वेगळंच काही जाणवतं. ज्या मुलाला स्वतः वाढवलं, त्याला वाढवताना आपल्याच सरकारने मारल्यासारखं झालं, हे म्हणायची सोय त्याला नव्हती. पत्रिकेवर भार टाकला की कुणालाच दोष द्यावा लागत नाही. सुरपूरच्या लोकांनी मात्र वेगळं लक्षात ठेवलं. तिथे व्यंकटप्पा नायक हा स्वातंत्र्ययोद्धा आहे.

नळदुर्ग, तुळजापूर आणि ‘तारा’

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गचा पश्चिम पट्टा इंग्रजांच्या हवाली केला. यातला नळदुर्ग टेलरच्या वाट्याला आला. तेव्हाचा नळदुर्ग जिल्हा म्हणजे आजच्या धाराशिवचा पूर्वज. बोरी नदीवरचा तो किल्ला, त्यातला पाणी महाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला आज रिल्सवाल्यांची गर्दी असते. टेलर तिथे चार वर्षं राहिला. मोजणी, सारा, रस्ते, झाडं अशी कामं केली.

गावात लोक आपल्या नावाचा जयजयकार ‘महादेव बाबा’ म्हणून करायचे, असं तो सांगतो. ‘मेडोज’चं ‘महादेव’ झालं म्हणे. गोड गोष्ट आहे, मात्र सांगणारा तोच आहे हेही विसरू नये.

१८५७ मध्ये उठाव झाला आणि त्याची रवानगी वऱ्हाडात झाली. फौज देता येणार नाही, जाऊन कसंबसं तग धर, अशा अर्थाचा हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटने दिला होता. १८६० मध्ये तो थकून, स्मरणशक्तीवर परिणाम झालेल्या अवस्थेत मायदेशी निघाला. वीस वर्षांनी.

डब्लिनजवळ राहून त्याने १८६३ मध्ये ‘तारा’ लिहिली. तुळजापूरच्या व्यासशास्त्रींची बालविधवा मुलगी तारा, तुळजाभवानीच्या देवळात तिला मुरळी म्हणून वाहिलं जाणं, अफजलखानाची स्वारी, प्रतापगड, आणि शेवटी अफजलखानाच्या मुलाशी, फाजलशी तिचं लग्न. आज या कथानकाचा ट्रेलर आला तर चोवीस तासांत काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. मराठी मनाला शिवाजी महाराजांचं त्यातलं चित्र रुचणारं नाही. टेलरची सहानुभूती विजापूरकडे झुकलेली आहे आणि ती लपत नाही. पण तुळजापूरचा घाट, देवळाच्या पायऱ्या, शास्त्रीबुवांच्या घरातला स्वयंपाक हे पाहून लिहिलेलं आहे. लंडनमध्ये बसून नकाशावर हिंदुस्थान रंगवणाऱ्या त्या काळच्या लेखकांत हे दुर्मीळ होतं.

पत्रं जाळायची की ठेवायची?

टेलरची पत्रं उरली हा बराचसा योग. त्याच काळातला सगळ्यात मोठा कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने सप्टेंबर १८६० मध्ये आपल्या घरामागच्या मैदानात वीस वर्षांची आलेली पत्रं पेटवून दिली. मुलं टोपल्या भरभरून कागद आणत होती आणि मागे राहिलेल्या राखेत त्यांनी कांदे भाजून खाल्ले. दोन वर्षांपूर्वीच तो पत्नीपासून वेगळा झाला होता आणि एलन टर्नन या तरुण अभिनेत्रीशी असलेलं नातं त्याला झाकायचं होतं. व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करण्याचाच हा प्रकार, पण त्यात एक तांत्रिक अडचण आहे. आपल्याकडे आलेली पत्रं जाळता येतात. आपण पाठवलेली दुसऱ्याच्या कपाटात असतात. डिकन्सची चौदा हजारांवर पत्रं पुढे जमा झाली आणि बारा जाडजूड खंडांत छापली गेली.

टेलरचं तसंच. त्याने पाठवलेली पत्रं रीव्हच्या कपाटात होती आणि रीव्ह कागद सांभाळणारा माणूस होता. १८७४ मध्ये याच रीव्हने ग्रेव्हिल नावाच्या बड्या सरकारी अधिकाऱ्याची खासगी डायरी छापली. त्यात राणीच्या काकांबद्दल इतकं रोखठोक होतं की व्हिक्टोरिया संतापली. दुसऱ्यांची गुपितं छापायला न कचरणाऱ्या या माणसाने स्वतःच्या नातेवाइकाची पत्रं मात्र हयातभर कपाटातच ठेवली.

आपल्याकडेही उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी वारल्यावर काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, ते मुख्यतः पत्रांच्या आधाराने. गोपाळराव जोशी बायकोशी कसे वागत होते, हे आज आपल्याला कळतं ते त्या पत्रांमुळे. ती जपली गेली नसती तर एक आदर्श सुधारक पती तेवढा उरला असता.

अकोल्याचा यात काय संबंध?

संबंध तारखांचा आहे. टेलर सुरपूरच्या बंगल्यात बसून लंडनला पत्रं लिहीत होता त्याच वर्षांत अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे सह्याद्रीच्या डोंगरांत इंग्रज आणि सावकारांविरुद्ध लढत होता. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. या डोंगरांतल्या महादेव कोळी समाजावर १८३०च्या दशकात कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज अधिकाऱ्याने सविस्तर लिहून ठेवलं आहे. चालीरीती, देव, कुळं, बंडं, सगळं काही. लिहिणारा तोच, ज्याचं काम बंडखोरांना पकडण्याचं होतं.

टेलरच्या मनात काय चाललं होतं, कशाची भीती वाटत होती, कुणाचा राग होता, हे आपल्याला त्याच्या अक्षरात वाचता येतं. राघोजी मात्र बहुतेक दुसऱ्यांच्या कागदांत भेटतो : पोलिसांच्या, कचेरीच्या, कोर्टाच्या. घरचा राघोजी उरला तो लोकांच्या तोंडी, गाण्यांत आणि गोष्टींत. मेरी पामर साहेबाच्या घरात होती, तिची कथाही फार वेगळी नाही.

वाचायचं असेल तर?

टेलर १८७५ मध्ये हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या निमंत्रणावरून पुन्हा इकडे आला. तोवर दृष्टी जात चालली होती. तापाने गाठलं, परत निघाला आणि वाटेत फ्रान्सच्या किनाऱ्यावर मेंतों गावात १३ मे १८७६ रोजी वारला. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या कादंबऱ्या कधीच्याच मोकळ्या झाल्या आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या मजकुराला छापल्यापासून साठ वर्षांचा नियम लागतो. १९४७ मध्ये आलेल्या पत्रांची ती मुदतही उलटून गेलीय. आणि एक कायम गोंधळ होणारी गोष्ट : पत्राचा कागद ज्याला पाठवला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. घरात आजोबांना आलेली कुणा मोठ्या माणसाची पत्रं असतील तर ती विकता येतील, छापायला मात्र परवानगी लागू शकते.

आत्मचरित्राचं नाव ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’. इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली जुनी प्रत मोफत उतरवून घेता येते. फोनवर वाचायची तर पीडीएफ जड जाते, त्यापेक्षा तिथलाच ईपब प्रकार घ्या. सुरुवात पहिल्या पानापासून केलीच पाहिजे असं नाही. सुरपूरची प्रकरणं आधी उघडा, मग नळदुर्ग. मेरीचं नाव सर्चमध्ये टाकून बघा, किती ठिकाणी सापडतं ते.